आवाज येतो गं, शब्द कळत नाहीत!

गणपती झाले आणि आमच्या सासूबाईंनी टीव्ही बघणं सोडलं. संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही त्यांचा, हा आमच्या घरातला अलिखित नियम. मालिका कुठलीही असो, हातात जपमाळ नि डोळे पडद्यावर. आणि आता बघते तर सात वाजले की आपल्या खोलीत जाऊन पडायच्या. 'आई, बरं वाटत नाही का?' म्हणून विचारलं, तर म्हणे, 'काही नाही गं, रटाळ झाल्यात हल्ली मालिका.' मालिका रटाळ झाल्यात हे माझंही मत असल्यामुळे मी फार खोलात शिरले नाही. पण मग सकाळचा रेडिओही बंद झाला. सहाच्या ठोक्याला रेडिओ लावणारी बाई रेडिओ लावेना, तेव्हा मात्र मनात पाल चुकचुकली.

खोदून खोदून विचारलं तेव्हा एकदाचं बाहेर पडलं. "आवाज येतो गं, शब्द कळत नाहीत. सारखं 'काय म्हणाली, काय म्हणाली' विचारलं की तुम्ही सगळे वैतागता. त्यापेक्षा नकोच ते."

खरं सांगते, चरचरलं मनात. कारण वैतागत होतोच आम्ही. आमच्याकडे त्यावर एकच उपाय होता, रिमोट घ्यायचा नि आवाज वाढवायचा. जाहिरात लागली की समोरच्या बिल्डिंगमधले डोकावून बघायचे, आणि सासूबाई तरी विचारायच्याच, 'काय म्हणाली?' आमच्या ह्यांनी लगेच पुरुषी उपाय काढला, 'दिवाळीत साउंडबार घेऊ.' पंधरा-अठरा हजारांच्या गोष्टी! त्यात घराला रंग द्यायचा होता, लेकीच्या हॉस्टेलची फी भरायची होती. मी म्हटलं, थांबा जरा. आधी घरात जे आहे ते नीट वाजतंय का ते तरी बघू.

ते बघण्यात माझे चार महिने गेले आणि पैसे गेले हजाराच्या आत. कानाच्या डॉक्टरांची फी वेगळी.

आणि मैत्रिणींनो, सुरुवात तिथूनच करायची. यंत्राच्या आधी कान. सासूबाईंच्या एका कानात मळाचा चांगला खडा निघाला. मग ऐकू येण्याची तपासणी झाली, आलेख काढला. डॉक्टरांनी तो समोर ठेवून जे समजावलं, त्यानंतर मला पुढचं सगळं सुचत गेलं. वय वाढतं तसे आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज जातात. खालचे, जाड आवाज बराच काळ शाबूत राहतात. आता आपल्या बोलण्यात 'आ', 'ओ', 'ऊ' हे स्वर जाड आणि जोरकस. पण स, श, फ, त, थ ही व्यंजनं म्हणजे नुसती बारीक फुंकर. शब्दाचा अर्थ तर त्यांच्यावरच ठरतो. 'साठ' की 'पाठ' हे त्या एका फुंकरीवरून कळतं. ती गेली की कानावर उरतो नुसता 'आ'. म्हणजे आवाज येतो, शब्द कळत नाहीत. सासूबाई अगदी शास्त्रशुद्ध बोलत होत्या म्हणायच्या!

आणि आपण व्हॉल्यूम वाढवतो तेव्हा काय होतं? बारीक आवाज वाढतात तसे जाडही वाढतात. मागे वाजणारं ढॅणढॅण संगीत, ढोल, घुमारा, सगळं वाढतं आणि ते त्या बारीक व्यंजनांच्या अंगावर बसतं. डॉक्टरांनी कानाचं मशीन सुचवलंच. सासूबाई म्हणाल्या, 'बघू दिवाळीनंतर.' (ती दिवाळी गेली, संक्रांत गेली. विषय अजून चालू आहे.) तोवर मी घरातल्या यंत्रांकडे वळले.

पहिला नंबर टीव्हीचा. पूर्वीच्या डबा टीव्हीला स्पीकर पुढच्या बाजूला, आपल्याकडे तोंड करून असायचे. आताचे चपटे टीव्ही इतके पातळ की बहुतेकांचे स्पीकर असतात तळाशी किंवा पाठीमागे. आवाज खाली फर्निचरवर किंवा मागे भिंतीवर आपटून आपल्यापर्यंत येतो. आमचा टीव्ही शोकेसच्या खणात, त्याखाली मी हौसेनं विणलेला जाड क्रोशाचा रुमाल, त्यावर फुलदाणी. म्हणजे स्पीकरच्या तोंडावर मीच बोळा कोंबलेला! रुमाल काढला, टीव्ही खणाच्या पुढच्या काठापर्यंत ओढून घेतला. खर्च शून्य.

मग रिमोटवरचं सेटिंग. 'साउंड' किंवा 'ऑडिओ' असं लिहिलेलं असतं तिथे जायचं. आमच्याकडे कित्येक वर्षं 'मूव्ही' वर ठेवलेलं होतं, त्यात घुमारा जास्त. बऱ्याच टीव्हींना बोलणं स्पष्ट करणारं एक सेटिंग असतं. कुठे त्याला 'क्लिअर व्हॉइस' म्हणतात, कुठे 'स्पीच', कुठे 'डायलॉग'. नावं कंपनीगणिक वेगळी. ते लावायचं. 'सराउंड' बंद करायचं. 'बेस' दोन-तीन घरं खाली, 'ट्रेबल' दोन घरं वर. जाहिरातीत एकदम आवाज चढू नये म्हणून 'ऑटो व्हॉल्यूम' असेल तर चालू. एवढं करायला दहा मिनिटं लागली, आणि त्या रात्री सासूबाई पावणेआठला हळूच बाहेर येऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

पण शब्द अजून निसटत होते. बातम्या कळायच्या, मालिका अर्धवट. त्याचं कारण होतं अंतर. त्यांची खुर्ची टीव्हीपासून बारा-तेरा फुटांवर, आणि मध्ये आमचा गोंगाट, पंखा, मिक्सर. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलनं वाढतो. घरात भिंतींमुळे थोडा कमी वाढतो, पण वाढतो. महत्त्वाचं म्हणजे शेजारच्या गोंगाटाच्या मानानं वाढतो. म्हणजे टीव्ही मोठा करण्यापेक्षा आवाज जवळ आणायचा. मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरचे दोन छोटे स्पीकर माळ्यावर पडून होते. आमच्या टीव्हीला हेडफोन लावायचं भोक आहे. पाच मीटरची वायर आणली, एकशे ऐंशी रुपये. ते दोन स्पीकर सासूबाईंच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर, कानाच्या उंचीवर ठेवले. टीव्हीच्या मेनूत शोधलं तर दोन्हीकडून आवाज चालू ठेवायची सोय निघाली. सगळ्या टीव्हींना ती नसते. नसेल तर वायर लावली की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो, हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर टीव्ही बिघडला म्हणून घरात बोंबाबोंब व्हायची. बिनवायरीचा ब्लूटूथ स्पीकरही चालतो, पण त्यात कधी कधी आवाज जरा मागून येतो. बाई बोलून तोंड मिटते नि मग शब्द ऐकू येतो. ज्यांना ओठ बघून शब्द ओळखायची सवय लागलेली असते त्यांचा अशानं अगदीच घोळ होतो. म्हणून मी वायरच घेतली.

आता सासूबाईंच्या शेजारी आवाज पुरेसा, म्हणून टीव्हीचा आवाज आम्ही निम्म्यावर आणला. समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींनी चौकशी केली, 'गावाला गेला होतात का?'

माळ्यावर ते स्पीकर शोधताना आमचं होम थिएटरही सापडलं. २००४ सालच्या दसऱ्याला घेतलेलं, खोक्यावर मोठ्या अक्षरात 'हजार वॉट पीएमपीओ'. तेव्हा आम्हाला काय अभिमान होता त्या आकड्याचा! आता ऐका, पीएमपीओ म्हणजे क्षणभराचा, तोही कागदावरचा जोर. तो मोजायची सर्वांनी मान्य केलेली अशी कुठलीच पद्धत नव्हती, ज्यानं त्यानं वाटेल तो आकडा छापावा. बघायचा तो 'आरएमएस'चा आकडा. दहा बाय बाराच्या खोलीला दहा-वीस वॉट आरएमएस पुष्कळ झाले. दुकानात कुणी हजाराची भाषा करू लागलं की आपण शांतपणे 'आरएमएस किती?' एवढंच विचारायचं. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

तर ते होम थिएटर कधी मनासारखं वाजलंच नाही, म्हणून तर माळ्यावर गेलं. लताबाईंचं गाणं लावावं तर आवाज कुठून येतोय कळायचं नाही, सगळं पोकळ. म्हटलं बघू तरी. खाली काढलं आणि दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. मंडईजवळ त्यांचं टेबल आहे. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता जास्त करून मोबाईल. त्यांनी मागची वायर बघितली आणि हसायला लागले. "वहिनी, एकाला लाल तारेत लाल आहे, दुसऱ्याला लाल तारेत काळी. हे कुणी जोडलं होतं?" मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पेपर वाचत होते.

त्याचं असं आहे, प्रत्येक स्पीकरला दोन तारा, बहुधा एक लाल नि एक काळी, किंवा एकीवर पांढरी रेघ. यंत्रावरही तसंच लाल-काळं. दोन्ही स्पीकरला लालला लाल, काळ्याला काळी अशी सारखीच जोडणी हवी. एकाची उलटी झाली की एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि दोघं एकमेकांचा आवाज खाऊन टाकतात, विशेषतः खर्ज. यंत्र जळत नाही, बंद पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. वीस वर्षं आम्ही त्या बिचाऱ्या यंत्राला नावं ठेवली! तुमच्या घरी दोन सुटे स्पीकर असतील तर आज रात्रीच बघा. आधी बटण बंद करायचं, मग तारा. वाटलंच तर एका स्पीकरच्या तारा मुद्दाम उलटून ऐका, ज्या जोडणीत तबल्याचा बायाँ भरीव येतो ती बरोबर.

दुसरी चूक माझी. त्याचा वूफरचा मोठा डबा मी सोफ्यामागे कोपऱ्यात दडवला होता, दिसायला नको म्हणून. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून घुमारा आणखी वाढवतात. दोन फूट बाहेर काढला, त्याचं बटण अर्ध्याच्या खाली आणलं. आता गाणाऱ्याचा आवाज पुढे येतो.

पण हॉलमध्ये टाळी वाजवली की अजूनही 'ट्यँव' असा आवाज उमटायचा. नवीन फरशी, काचेचं टेबल, सरकत्या काचेच्या खिडक्या. सगळं गुळगुळीत, आवाज नुसता टोलवाटोलवी खेळतो. असा घुमला की शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर पडतं. मुलानं कुठेतरी बघितलं होतं की भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायचे. मी साफ नाही म्हटलं, आणि ते बरंच झालं, कारण त्या पातळ पुठ्ठ्यानं फारसा काही फरक पडत नाही. फरक पडतो जाड, मऊ, सच्छिद्र वस्तूंनी. मी दिवाणामागच्या भिंतीवर सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी टांगली, खिडकीला जाड पडदा लावला, मध्ये सतरंजी. आलेगेले 'काय सुंदर, कुठून आणली?' म्हणून गोधडीचं कौतुक करतात. ती आवाजासाठी टांगलीय हे मी सांगत नाही.

रेडिओचं दुखणं वेगळंच निघालं. सासूबाईंचा रेडिओ देवघराशेजारी. तिथे मी एलईडी दिवा बसवला होता, स्वस्तातला. दिवा लावला की मीडियम वेव्हवर खर्र सुरू. मोबाईलचा चार्जरही तसाच त्रास देतो. दिवा बंद करून, चार्जर उपटून बघितलं तर आवाज स्वच्छ. मीडियम वेव्हसाठी रेडिओच्या पोटात एक कांडी असते, तिला दिशा कळते. म्हणून बाहेरची दांडी कितीही ओढली तरी उपयोग नाही, अख्खा रेडिओच हळूहळू फिरवायचा, जिथे स्पष्ट लागेल तिथे ठेवायचा. बाहेरची दांडी असते ती एफएमसाठी. एफएमची लहर साधारण तीन मीटरची, तिचा पाव भाग म्हणजे पाऊण मीटर. म्हणून दांडी अडीच फुटांच्या आसपास ओढली की उत्तम. तेवढी नसेल तर आहे ती पूर्ण. खिडकीच्या लोखंडी गजांपासून मात्र जरा दूर. आमच्याकडे मी रेडिओ देवघरापासून हलवून सासूबाईंच्या उशाशी आणला, आणि वीजजोडणीऐवजी सेलवर लावला. मागची बारीक गुंईं गेली.

ह्या रेडिओच्या नादात एक दिवस त्या जुन्या आठवणीत शिरल्या. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा त्या सात वर्षांच्या, साताऱ्याला मामांकडे. रेडिओ शेजारच्या वाड्यात. ओटीवर सतरंजी टाकून सगळी आळी बसायची. "एकच तो लाकडी रेडिओ, पण शब्द न् शब्द कळायचा," असं त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, तेव्हा कान सात वर्षांचे होते. पण नुसतं तेवढंच नाही हं. भलामोठा एक स्पीकर, लाकडी पेटीत, थेट आपल्याकडे तोंड करून. उगाच वाढवलेला घुमारा नाही. खाली सतरंजी, भोवती माणसं. आणि कुणी बोलायचं नाही! इतक्या महिन्यांच्या खटपटीनंतर मी जे करून ठेवलं होतं ते म्हणजे जवळजवळ तीच ओटी की.

आता थोडं आपल्या स्वतःच्या ऐकण्याबद्दल. घरातला मोठा स्पीकर हॉलमध्ये, आणि आपण स्वयंपाकघरात, कुणीतरी लावलेलं ऐकत. आपलं म्हणून गाणं कुठलं? तर मोबाईलवरचं. तो मी पातेल्यात ठेवायचे, आवाज मोठा होतो म्हणून. होतो खरा, पण पातेलं स्वतःही गुणगुणतं आणि किशोरीताई घागरीत बसून गायल्यासारख्या वाटतात. त्यापेक्षा मोबाईलच्या ज्या कडेला स्पीकर आहे ती कड भिंतीकडे करून, वीतभर अंतर ठेवून उभा करा. आणि त्याआधी ती जाळी बघा. माझ्या मोबाईलच्या जाळीत कणीक जाऊन बसली होती! कोरड्या, मऊ ब्रशनं हलकेच झाडायची. टाचणी घालायची नाही, पाणी नाही, फुंकर नाही, फुंकरीनं ओल आत जाते.

लेकीनं दिलेला छोटा ब्लूटूथ स्पीकर फ्रीजवर ठेवला होता, तर फ्रीजचा पत्रा त्याच्याबरोबर थरथरायचा. फाटक्या योगा मॅटचा तुकडा खाली घातला, थरथर गेली. आणखी एक खुबी, मोबाईलचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवायचा आणि कमी-जास्त करायचं ते स्पीकरच्या बटणानं. दोन्ही शेवटच्या टोकाला नेले की आवाज फाटतो.

गाणंच मुळात कसं आहे तेही बघायला हवं. ऑनलाइन गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये 'ऑडिओ क्वालिटी' किंवा 'डेटा सेव्हर' असं सेटिंग असतं. डेटा वाचवायला कुणीतरी ते 'लो' वर टाकलेलं असतं आणि आपण स्पीकरला दोष देतो. घरी वायफाय असेल तर 'हाय' वर आणा. कार्डात भरलेल्या गाण्यांचा हिशेब सोपा आहे. १२८ च्या दर्जाचं गाणं मिनिटाला साधारण एक एमबी जागा घेतं, ३२० चं अडीच एमबीच्या आसपास. पाच मिनिटांचं गाणं पाच एमबीपेक्षा फारच लहान दिसलं तर ते पिळून काढलेलं आहे असं समजा. आणि पिळून काढलेलं गाणं पुन्हा ३२० करून काही परत येत नाही. ताकात पाणी घातलं की ग्लास भरतो, पण ताक वाढतं का?

इअरफोनचं थोडक्यात सांगते. कानात घालायच्या रबरी टोप्या पाकिटात तीन मापांच्या येतात, आपण पहिल्या असतात त्याच वापरतो. टोपी सैल असली की खर्ज सगळा बाहेर जातो, मग आपण आवाज वाढवत सुटतो. तिन्ही मापं घालून बघा. दोन कानांना दोन वेगळी मापं बसली तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही. वायर जॅकपाशी तुटली तर फेकू नका, आमच्या काकांनी नवी पिन डकवून दिली ऐंशी रुपयांत. एका कानानं कमी ऐकू येणाऱ्यांसाठी मोबाईलच्या 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' मध्ये 'मोनो ऑडिओ' असतं. नाहीतर एका कानात फक्त अर्धंच गाणं जातं, वाद्य ऐकू येतं तर गायिका गायब. माझ्या एका मावसनणंदेला हे दाखवलं तर ती चकितच झाली, इतकी वर्षं तिला वाटायचं रेकॉर्डिंगच तसं आहे.

आणि लेकीला मी एक गोष्ट सांगून ठेवली आहे, तुमच्याही मुलांना सांगा. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी घातलेली मर्यादा आहे आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास. आवाज ९० वर नेला की तेच ४० तास ४ तासांवर येतात. मुलांसाठी तर मर्यादा ७५ चीच. हे गेलेले कान मळ काढून परत येत नाहीत.

आता कॅसेट. खरं तर हे सगळं लिहायला बसले ते तिच्यासाठीच.

होम थिएटर काढताना माळ्यावर टू-इन-वनही सापडला होता आणि त्याच्या पोटात एक कॅसेट. चिठ्ठीवर सासूबाईंच्या अक्षरात, 'आक्का, ओव्या, १९८८'. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. पाटणकडच्या माहेरच्या घरी जात्यावर दळताना त्यांनी म्हटलेल्या ओव्या मुंबईच्या भावानं आणलेल्या ह्याच यंत्रावर भरून घेतल्या होत्या. आक्का जाऊन पंचवीस वर्षं झाली. त्यांच्या आवाजाचं घरात दुसरं काहीही नाही.

लावली तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा, जाडाभरडा, मध्येच डुलणारा. सासूबाईंनी दोन मिनिटं ऐकलं, म्हणाल्या, 'गेली गं कॅसेट.' काका म्हणाले, "कॅसेट नाही गेली वहिनी, हेड बघा." जिथे फीत घासते त्या चकचकीत ठोकळ्यावर तपकिरी थर बसला होता. वरच्या पट्टीतले बारीक आवाज पहिल्यांदा अडतात ते तिथेच. सासूबाईंच्या कानासारखंच झालं होतं यंत्राचं!

कसं साफ केलं ते सविस्तर सांगते, कारण अनेकींच्या माळ्यावर अशी एखादी कॅसेट असणार. पिन काढून ठेवायची. आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे मिळते. कान कोरायची कापसाची काडी त्यात बुडवून हेड पुसायचं, मग शेजारची फिरणारी बारीक लोखंडी कांडी पुसायची. काडीवर तपकिरी रंग येणं थांबेपर्यंत नव्या काड्या घ्यायच्या. रबराचं चाक मात्र साबणाच्या किंचित ओल्या काडीनं, अल्कोहोलनं रबर सुकतं. दहा मिनिटं वाळू द्यायचं. अत्तर, केरोसीन असलं काही वापरायचं नाही. आवाज डुलत होता तो आतला रबरी पट्टा सैल झाल्यामुळे. तो काकांनी बदलला, मजुरीसकट अडीचशे.

कॅसेटही तशीच लावायची नाही. आधी बघा, फितीच्या कडेवर पांढरी बुरशी आहे का. असेल तर वाजवू नका, जाणकाराला दाखवा. नसेल तर एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे गुंडाळून घ्या, वर्षानुवर्षं चिकटलेले वेढे सुटतात. शेवटी हेडशेजारचा एक बारीक स्क्रू काकांनी कॅसेट चालू असताना केसभर फिरवला, फिरवण्याआधी मूळ जागेवर माझ्याच नेलपॉलिशचा ठिपका देऊन. हेड किंचित तिरकं असलं तरी बारीक आवाज जातात म्हणे. फिरवता फिरवता एका जागी जात्याची घरघर मागे गेली आणि अचानक आक्का पुढे आल्या.

काकांनी स्क्रूवरचा हात काढून घेतला.

सासूबाई त्यांच्या दोन स्पीकरांच्या मध्ये बसल्या होत्या. ओव्या चालल्या होत्या, त्यांचे ओठ बरोबरीनं हलत होते. मध्येच जातं थांबलं आणि कॅसेटमधली कुणीतरी तरुण बाई म्हणाली, 'आक्का, दमलीस? मी ओढू का?' सासूबाई म्हणाल्या, "ही मी." मग म्हणाल्या, "मागे घे गं जरा." तीन वेळा मागे घेतलं.

त्याच आठवड्यात ते उतरवून घेतलं. मोबाईल स्पीकरसमोर धरून नाही हं, त्यात पंखा नि रस्ताही येतो. टू-इन-वनच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात, 'ऑडॅसिटी' नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर, आणि आवाजाची रेघ लाल पट्ट्याला टेकणार नाही इतपतच बटण. मुलाला खरखर पुसून टाकायची हौस आली होती. थोडी पुसली तर ठीक, पण जास्त पुसली की आवाज बुडबुड्यांतून आल्यासारखा होतो, आणि जात्याची घरघरही जाते. म्हणून मूळ प्रत जशीच्या तशी ठेवून घेतली, दोन ठिकाणी.

मग कॅसेट उलटली. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, 'दुसरी बाजू, लग्नातल्या ओव्या'. आणि वाजू लागली १९९४ च्या सुमाराची सिनेमाची गाणी. रेडिओवरून भरून घेतलेली, मध्ये निवेदकाचा आवाज. आमच्या धाकट्या दिरांचं काम. तेव्हा कॉलेजात होते, कोरी कॅसेट समजून भरली असणार. सासूबाई थोडा वेळ ऐकत राहिल्या, न जाणो एखादी ओवी राहिली असेल मागे. नव्हती राहिली.

कॅसेटच्या पाठीच्या कडेला, दोन टोकांना, दोन इवल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. त्या टोकदार वस्तूनं मोडून टाकल्या की त्या कॅसेटवर रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. तुमच्याकडे कुणाचा आवाज असेल तर आज माळ्यावर चढा, कॅसेट खाली काढा आणि वाजवायच्याही आधी त्या दोन्ही पट्ट्या मोडून टाका.